शुक्रवारचं विधेयक

संसदेबद्दल लिहायचा मला काही अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. दिल्ली मी पाहिलेली नाही. राज्यशास्त्र घेऊन बी. ए. झालो, तेही सेकंड क्लासमध्ये. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. त्यामुळे मी इथं काही चुकीचं लिहिलं, तर घरातलं कोणी ते दुरुस्त करू शकणार नाही. ज्यांना ही माहिती माझ्यापेक्षा जास्त आहे त्यांनी एवढं समजून घ्यावं, की मी कायदा समजावून सांगायला बसलेलो नाही. एका विधेयकाची वाट पाहण्यात आमच्या घरातली काही वर्षं गेली. त्या वर्षांबद्दल कोणीतरी लिहायला पाहिजे होतं, आणि घरात लिहिता येणारा मी एकटाच आहे.

वाट पाहणारा माझा मामा होता. मायचा धाकटा भाऊ. त्याचं लग्न जमलं नाही आणि आजी गेल्यावर तो आमच्याकडेच राहायला आला. आमचं गाव महागाव तालुक्यात. वस्ती गावाच्या टोकाला, आणि घराची मागची भिंत संपली की लगेच दुसऱ्याचं वावर, म्हणजे शेत, सुरू होतं. आमचं स्वतःचं वावर कधी नव्हतंच. बाप मी लहान असतानाच गेला. माय निंदायला आणि कापूस वेचायला जायची, मामा फवारणीला जायचा. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, मावा-तुडतुडे पडले की गावातले शेतकरी त्याला बोलवायला घरी येत. तो वारा पाहूनच ओळ धरायचा, आणि काम झाल्यावर पंप तीन पाण्यांनी धुऊन द्यायचा. दुसऱ्या कोणी न धुता परत दिलेला पंप तो पाठीवर घ्यायचा नाही. याच्यावरून लोक त्याला हसायचेही. फवारणीतला बामण म्हणायचे.

त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. एरवी नळी खाली धरून चालता येतं. त्या वर्षी ती वर धरावी लागायची, आणि उडालेलं औषध परत तोंडावर यायचं. शेतकऱ्यानं कृषी केंद्राच्या दुकानातून जे आणलं होतं ते दोन डबे एकत्र करून पंपात ओतले गेले. मामानं नेहमीसारखा नाका-तोंडाला दुपट्टा बांधला होता. भादव्यातलं ऊन होतं. दुपारी तो ओळीतच खाली बसला, आणि नंतर त्याला उठता आलं नाही. त्याला यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं एका ओळीत कितीतरी माणसं डोळ्यांवर कापसाच्या घड्या घेऊन पडलेली होती. सगळी आमच्यासारख्या गावांमधलीच. माय मला म्हणाली, यांच्या डोळ्यावर पण कापूसच ठेवला, पाह्य.

मामा वाचला. नजर मात्र परत आली नाही. अगदी काळोख नव्हता. दारात कोणी उभं राहिलं की त्याला सावली दिसायची, पण ती कोणाची ते कळायचं नाही. त्यामुळे आमच्या घरी येणारा प्रत्येक माणूस उंबऱ्यातूनच आपलं नाव सांगायचा. कोणी विसरला तर मामा गप्प बसून राहायचा आणि त्या सावलीकडे तोंड करून वाट पाहायचा. हे मला फार भीतिदायक वाटायचं. एकदा मीच बोलायला विसरलो. तो माझ्याकडे बराच वेळ तसाच पाहत राहिला, आणि मग हळूच म्हणाला, "जा बाप्पा आता. इथं काही नाही तुह्यासाठी."

त्याला मी कोण वाटलो होतो, ते मी कधी विचारलं नाही.

झोपेत त्याचा डावा हात चालायचा. पंपाचा दांडा डाव्या हातानं वर-खाली करावा लागतो, तसा. दुपारी माय कामावरून येऊन पडली की तिला शेजारच्या बाजेचा करकर आवाज यायचा. ती उठायची, त्याचा हात धरून ठेवायची, आणि हात थांबला की सोडायची. फवारणीचे दिवस आले की मागच्या वावरातून औषधाचा वास घरात येई. आम्ही खिडकीला पोतं लावायचो. मामा म्हणायचा, पोतं काढा, वास बाहेरून नाही येऊन राह्यला.

मामाला झालेल्या गोष्टीची चौकशी झाली. तिचा कागद तहसीलमधून आला तेव्हा मी बारावीत होतो, आणि तो मीच मोठ्यानं वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की फवारणी करणाऱ्यानं संरक्षणाची साधनं वापरली नाहीत आणि त्याच्या निष्काळजीपणामुळे विषबाधा झाली. खाली सही करायला जागा होती. सही केली की सरकारची मदत मिळणार होती. मामानं पुन्हा वाचायला सांगितलं. मग त्यानं विचारलं, दुपट्ट्याचं कुठं लिहिलं. मी सांगितलं, कुठंच नाही.

"मंग मी सई नाही करत."

माय त्याच्यावर चिडली. घरात कमावणारी ती एकटीच उरली होती. पण मामा हलला नाही. गावात एव्हाना बोलणं सुरू झालं होतं, की तो पिऊन फवारायला गेला असेल, किंवा हात न धुता तंबाखूचा खर्रा खाल्ला असेल. खर्रा तो खायचा हे खरं होतं. पण फवारणीच्या दिवशी खर्ऱ्याची पुडी तो घरी खुंटीला टांगलेल्या पिशवीत ठेवून जायचा. ती त्या दिवशीही तिथंच होती. हे सांगून पटणार कोणाला? पानठेल्यावर एकानं मला तोंडावर विचारलं, "काय म्हनते तुहा मामा? अजून उतरली नाही का त्याची?" सगळे हसले.

म्हणजे मामाला हवं होतं ते एवढंच, की झालं त्यात त्याची चूक नव्हती असं कुठंतरी सरकारी कागदावर यावं. मदत त्यानंतर.

मी यवतमाळला कॉलेजात गेलो त्या पहिल्याच हिवाळ्यात विधेयकाची बातमी आली. मी सुटीला गावी आलो होतो. पानठेल्यावरच्या पेपरात आतल्या पानावर चार ओळी होत्या. राज्यसभेतल्या एका सभासदानं एक विधेयक मांडलं होतं. फवारणीत विषबाधा झाली तर जबाबदारी आधी औषध तयार करणाऱ्याची आणि विकणाऱ्याची धरावी, फवारणाऱ्या मजुराची नाही, असं त्यात होतं. तो पेपर ठेलेवाल्यानं स्वतः आमच्या घरी आणून दिला. मी तो मामाला वाचून दाखवला, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीत झालं की दिल्लीला मामाचा कायदा पास झाला.

आता कोणी हसेल. पण आमच्याकडे असंच कळलं असतं. आमच्या गावात ग्रामसभा मारोतीच्या पारावर होते. सचिव ठराव वाचतो, खाली बसलेले लोक 'मंजूर' म्हणतात, आणि मग चहा येतो. ठराव मांडला आणि तो झाला नाही, असं आमच्या गावात कोणीच पाहिलेलं नाही. ज्याला विरोध करायचा असतो तो सभेलाच येत नाही. त्यामुळे पेपरात 'मांडले' असं वाचल्यावर पुढं काही विचारायचं राहिलं आहे, हे कोणाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर तेव्हा राज्यशास्त्राचा विद्यार्थी होतो.

मारोतीपुढं नारळ फुटला. ज्यानं मला पानठेल्यावर तसं विचारलं होतं त्यानंच मामाला हात धरून पारावर नेलं. मामानं त्या दिवशी दाढी केली होती, माझा धुतलेला शर्ट घातला होता. तो सावल्यांकडे पाहून हसत होता. कोणीतरी विचारलं, "आता त त्या कृषी केंद्रवाल्यालेच पंप देऊ पाठीवर, नाही का?" मामा म्हणाला, "तीन पाण्यानं धुतल्याशिवाय मी नाही देत त्याले." त्यानंतर त्याला इतकं हसताना मी पाहिल्याचं मला आठवत नाही.

मी कॉलेजात परत गेलो तेव्हा आमच्या राज्यशास्त्राच्या मॅडमकडे कायद्याची प्रत कुठं मिळेल ते विचारायला गेलो. त्यांनी विचारलं, कोणता कायदा. मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी मला स्टाफरूममध्ये खुर्ची दिली आणि एका पाठकोऱ्या कागदावर पायऱ्या काढून दाखवल्या. मांडणं ही पहिली पायरी. तिथं सहसा कोणी अडवत नाही. मग दुसरी, तिच्यात आधी सगळ्या विधेयकावर चर्चा, वाटलं तर समितीकडे पाठवणं, मग एकेका कलमावर मत. मग तिसरी, पूर्ण विधेयकावर मत. हे सगळं झालं की दुसऱ्या सभागृहात पुन्हा पहिल्यापासून. तिथूनही पार पडलं तर राष्ट्रपतींची सही. तेव्हा कुठं कायदा.

आणि हे विधेयक सरकारचंही नव्हतं. मंत्री नसलेल्या सभासदानं आपल्या मनानं मांडलेलं होतं. अशा विधेयकांना शुक्रवारची दुपार मिळते, तीही सगळ्या शुक्रवारांची नाही. त्यातही कोणत्या विधेयकावर आधी चर्चा व्हायची ते चिठ्ठ्या काढून ठरतं. असं शेवटचं विधेयक कायदा झालं ते आपल्या जन्माच्या आधी, असं मॅडम म्हणाल्या. मग माझा चेहरा पाहून त्यांनी जोडलं की चर्चा झाली तरी सरकारवर दडपण येतं, कधी सरकार स्वतःच तसं विधेयक आणतं.

पुढच्या शनिवारी मी आर्णीमार्गे एस. टी.नं गावी गेलो आणि मामाला हे सांगितलं. एका दमात सांगता आलं नाही. तो मधे मधे विचारत होता. खासगी सभासद म्हणजे काय, त्याच्या घरचा कायदा हाय का हा. दुसऱ्या सभागृहातल्या लोकांनी पहिल्याचं ऐकलं नव्हतं का, की त्यांना पुन्हा सांगावं लागते. मग त्याचे प्रश्न थांबले. मला वाटलं आता संपलं. पण तो कापसाच्या खरेदीचे दिवस आठवत होता. तो तरुणपणी दुसऱ्याच्या बैलगाडीवर कापूस घेऊन महागावच्या खरेदी केंद्रावर जायचा. गाड्यांची रांग लागायची, दोन दोन रात्री गाडीखाली झोपावं लागायचं. आपला नंबर यायच्या आत वजनाचा काटा बंद व्हायचा, कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर निघून जायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच रांग.

"म्हंजे आपली गाडी रांगेत लागली," तो म्हणाला. "घरी त नाही ना उभी."

मी म्हणालो, नाही, रांगेत लागली.

"मंग झालं. थांबू."

तेव्हापासून ते विधेयक आमच्या घरात राहायला आलं. दुसरा शब्द मला सुचत नाही. माय आधी त्याचं नावही काढू द्यायची नाही, पण नंतर तीच मला फोनवर शेवटी विचारायची, त्याचं काही समजलं का. परगावी गेलेल्या माणसाबद्दल विचारावं तसं. वस्तीतल्या लोकांना कायदा झाला नाही हे कळल्यावर ते मामाला चिडवायला लागले होते. नारळ वापस दे म्हणायचे. मामा त्यांना पायऱ्या सांगायचा. मी जशा सांगितल्या तशाच, एकही न चुकता, आणि प्रत्येक पायरीला जमिनीवर काठी टेकवून. दारात सावली आली की तो आता नावाची वाट पाहत नसे. नाव सांगायच्या आत तो विचारायचा, "कुठलोक आलं बे ते?" म्हणजे विधेयक कुठवर पोचलं. सावली बहुतेक वेळा माझी नसायची. डाकवाला, शेजारीण, एकदा तर नुसता वाऱ्यानं हललेला पडदा.

एका शुक्रवारी मामाला डोळे दाखवायला यवतमाळला आणलं होतं. दवाखान्याचं काम लवकर आटोपलं म्हणून मी त्याला होस्टेलवर नेलं. तिथं मेसच्या खोलीत टी. व्ही. होता, आणि राज्यसभेचं कामकाज दाखवणारं चॅनल लागायचं. त्या दिवशीच्या यादीत आपलं विधेयक आहे असं माझा एक मित्र सांगत आला होता. तो यवतमाळजवळच्या लोहाऱ्याचा, माझ्या दोन वर्षं पुढं. त्याचे वडील तिथल्या औद्योगिक वसाहतीत कामाला होते, आणि तो आमच्यातला एकटाच असा होता की ज्याला कॉम्प्युटरवर हवं ते शोधता यायचं. विधेयक यादीत तिसरं होतं.

आम्ही तिघं टी. व्ही.समोर बसलो. मामा सगळ्यांत पुढं, मान एका बाजूला करून. पहिल्या विधेयकावर एक सभासद बोलत होते. विषय दुसराच होता, कुठल्यातरी भाषेचा. त्यांचं झाल्यावर दुसरे उठले. बाकं जवळजवळ रिकामी होती. मामाला ते दिसत नव्हतं, आणि आम्ही सांगितलं नाही. थोड्या वेळानं तोच म्हणाला, माणसं कमी दिसतात. मित्र म्हणाला, काका, शुक्रवारी गावी जातात सगळे. मामानं मान हलवली. त्याला ते पटलं. तूही शनिवारी गावी येतोसच की, असं तो म्हणाला.

पहिल्याच विधेयकावरची चर्चा संपली नाही. खुर्चीवरच्या माणसानं वेळ संपल्याचं सांगितलं आणि सभा उठली. पडद्यावर रिकामं सभागृह काही क्षण तसंच दिसत राहिलं. मग जाहिरात लागली.

"काटा बंद झाला," मामा म्हणाला, आणि काठी शोधायला लागला.

त्या संध्याकाळी त्याला कंडक्टरच्या भरवशावर एस. टी.त बसवून देताना त्यानं माझा हात धरून विचारलं, "त्याइनं माह्या दुपट्ट्याचं लिवलं असंन का रे त्याच्यात?" मी सांगितलं की विधेयकात एकेका माणसाचं नसतं, सगळ्यांचं मिळून असतं. तो म्हणाला, सगळ्याइनंच बांधला होता. दवाखान्यात त्याच्या ओळीतल्या प्रत्येकाला त्यानं विचारलं होतं.

पुढं लोकसभेची निवडणूक आली. गावात जीप फिरू लागल्या. पानठेल्यावर पेपर वाचणाऱ्यांपैकी कोणीतरी मामाला सांगितलं की लोकसभा बरखास्त झाली, आता आतले सगळे कागद रद्दीत गेले. मामानं मला फोन लावायला लावला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही. मी ग्रंथालयात जाऊन पुस्तक काढलं, आणि त्यात स्पष्ट सापडलं. लोकसभा विसर्जित झाली की तिच्यातली विधेयकं संपतात. राज्यसभा मात्र विसर्जित होत नाही. तिथं मांडलेलं आणि तिथंच असलेलं विधेयक निवडणुकीनं मरत नाही.

मी हे फोनवर दोनदा वाचून दाखवलं. पलीकडून मामानं ते वस्तीतल्या लोकांना मोठ्यानं सांगितलं. मला मागचा गलका ऐकू येत होता. कोणीतरी म्हणालं, "म्हंजे हे मरतच नाही म्हन!" आणि हशा झाला. मामाही हसला असावा.

पण 'मरत नाही' हे आमच्याकडे वेगळ्याच गोष्टींबद्दल म्हणतात. जे मरत नाही आणि घरीही येत नाही, त्याला शांत करावं लागतं. माय त्या अमावास्येला दहीभात घेऊन शिवेवर गेली. कोणासाठी, ते तिनं सांगितलं नाही.

मॅडमची त्या वर्षी दुसऱ्या गावी बदली झाली. लोहाऱ्याचा मित्र शेवटच्या वर्षानंतर स्पर्धा परीक्षेच्या क्लासला दिल्लीला गेला. मी कॉलेजच्या कॉम्प्युटरवर त्यानं शिकवलं होतं तसं शोधून पाहायचो. प्रलंबित विधेयकांच्या यादीत आमचं विधेयक काही दिवस दिसलं. नंतर ते पान उघडायचंच बंद झालं. मी फारसं मनावर घेतलं नाही. ज्या सभागृहाला अंत नाही तिथून ते जाणार कुठं, असं वाटायचं.

दसऱ्यानंतर तहसीलमधून शेवटचं बोलावणं आलं. सही करायची असेल तर आता करा, नाहीतर प्रकरण बंद होईल. मी मामाला घेऊन महागावला गेलो. टेबलामागचे कारकून वाईट माणूस नव्हते. त्यांनी मामाला बसवलं, पाणी दिलं, आणि जवळ वाकून समजावलं.

"काका, असंच लिहायचं असते ते. सगळ्यांचं असंच लिहिलं. तुमच्या एकट्याचं नाही."

"मंग सगळ्याइचंच खोटं लिवलं," मामा म्हणाला. "मी दुपट्टा बांधला होता, ते लिवा. मंग कुठं पाह्यजे तिथं सई करतो."

"त्याच्यासाठी कॉलम नाही काका."

बाहेर कापसाच्या पहिल्या वेच्याच्या गाड्या बाजाराकडे चालल्या होत्या, त्यांचे हॉर्न आत ऐकू येत होते. मग त्यानं मान माझ्या बाजूला वळवली. मी त्याच्या डावीकडे उभा होतो, आणि तो उजवीकडच्या कपाटाच्या सावलीशी बोलला.

"अजून हाय ना बे ते तिथं?"

"आहे," मी म्हणालो.

"तुह्या पुस्तकात लिवलं हाय ना?"

"हो मामा. लिहिलं आहे."

तो उठला. कारकुनानं माझ्याकडे पाहिलं, मी मामाकडे. मामानं काठी टेकली आणि म्हणाला, "साहेब, आमचं वर चालू हाय." हे त्यानं अभिमानानं नाही, अगदी साधं सांगितलं, दुसऱ्या शिंप्याकडे माप दिलेलं आहे असं सांगावं तसं. कागद बिनसहीचा राहिला, आणि प्रकरण बंद झालं.

परत येताना एस. टी.त तो खुशीत होता. त्यानं मला शेंगदाणे घ्यायला लावले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पऱ्हाटी फुटली होती. त्याला ते पांढरं दिसत असावं, कारण तो एकदा म्हणाला की बाहेर लई लोकं उभे आहेत. मी खिडकीतून पाहिलं. माणूस एकही नव्हता.

पुढच्या वैशाखात मामा गेला. छाती आधीपासून भरत होतीच. तीन-चार दिवस ताप आला, दवाखान्यात नेईपर्यंत बोलणं बंद झालं. डावा हात मात्र शेवटपर्यंत चालत होता. मायनं तो या वेळी धरला नाही. चालू दे, म्हणाली, ओळ पुरी होऊ दे त्याची. जाळायला नेताना तिनं त्याच्या नाका-तोंडावर दुपट्टा बांधायला लावला. वस्तीतल्या लोकांनी काही विचारलं नाही. ज्यानं मला पानठेल्यावर सगळ्यांना हसवून लाजवलं होतं त्यानं गाठ बांधली.

त्यानंतरही दारात सावली पडली की माय आधी मागच्या बाजेकडे पाहायची. मीही पाहायचो. मामा प्रश्न विचारायचा ती क्षणभराची जागा तशीच रिकामी उरली होती. येणारा माणूस नाव सांगायचा आणि आम्ही दोघं काही क्षण थांबायचो. पंपाच्या दांड्यासारखी करकर आली की ती बाज नसायची, शेजारचा हापसा असायचा. आम्हाला ते माहीत होतं. तरी माय उठून बसायची.

विधेयकाचा विषय आम्ही बंद केला होता, पण मला तो सोडवेना. मामा नसला तरी त्याच्या ओळीतले बाकीचे होते. कधीतरी ते कायदा होईल, आणि मग मी तहसीलमध्ये जाऊन मामाचं प्रकरण पुन्हा उघडायला सांगेन, असं मी मनात धरून होतो. मी लोहाऱ्याच्या मित्राला फोन केला. दिल्लीतच आहेस तर एवढं पाहून ये, ते कितव्या पायरीवर आहे. तो म्हणाला, आता कायले रे? पण पाहतो म्हणाला.

पोळ्याच्या आठवड्यात त्याचा फोन आला. मी होस्टेलच्या मागं कपडे वाळत घालत होतो. तो आधी इकडचं तिकडचं बोलला. जेवण, रूम, उकाडा किती होतो. मग मी विचारलं, त्याचं काही कळलं का.

तो म्हणाला, ते आता यादीत नाही.

मी विचारलं, म्हणजे समितीकडे गेलं?

नाही, तो म्हणाला. त्यानं तिथल्या एका माणसाला विचारलं होतं, ज्याचं रोजचं कामच ते आहे. मंत्री नसलेल्या सभासदानं मांडलेलं विधेयक त्या सभासदाच्या नावावर असतं. सभासदाची मुदत संपली, तो सभागृहातून निवृत्त झाला, की त्याची उरलेली विधेयकंही यादीतून निघतात. राज्यसभा संपत नाही. पण तिच्यातले एक तृतीयांश लोक दर दोन वर्षांनी निवृत्त होतात. हे वाक्य मी स्वतः परीक्षेत लिहिलं होतं. त्याला मार्कही मिळाले होते.

मी विचारलं, विरोधात किती मतं पडली?

"मतच नाही झालं रे. कोणी काही बोललंच नाही. ते निघालं, बस."

कधी, म्हणून मी विचारलं. कपड्यांचं पाणी पायावर पडत होतं. त्यानं कागद चाळल्याचा आवाज आला, मग त्यानं महिना आणि वर्ष सांगितलं. मी ते त्याला पुन्हा सांगायला लावलं. तो चैत्र होता. मामा आणि मी तहसीलला गेलो, त्या दसऱ्याच्या आधीचा.